टोप्यांच्या वरची रेघ

फोटोवाले गुप्ते वाळूत पोटावर झोपले होते आणि आमची आय त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. पाऊस नव्हता. श्रावणातली उघडीप होती, लख्ख ऊन पडलं होतं, आणि कॅमेऱ्याच्या भिंगात ऊन शिरू नये म्हणून छत्री हवी होती. आय सारखी विचारत होती, हात बदलू का? गुप्ते सांगत होते, आत्ता नको माऊली, आत्ता नको.

समोर आमची ‘सोनबाय’ शीड चढवून उभी होती. कोरड्या वाळूवर.

हे कसं घडलं ते आधी सांगायला हवं. आमच्या वेळशेत बंदरात पावसाळ्याच्या तोंडावर नावा वर काढतात आणि माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय नाव पाण्याला लावायची नाही, ही रीत. आसपासच्या पाच गावांच्या जमातीनं ती पिढ्यान् पिढ्या पाळलेली. आणि गुप्ते आले ते नेमके पुनवेच्या आधी. ते मुंबईच्या ‘मुलूखचित्र’ नावाच्या सचित्र मासिकासाठी फोटो काढायचे. धबधबे, किल्ले, समुद्रकिनारे, डाकबंगले. शहरातल्या माणसांनी ते बघावेत आणि रविवारी सहलीला निघावं, हा त्या मासिकाचा उद्योग. दिवाळीच्या अंकाचं काम त्यांच्याकडे श्रावणातच सुरू व्हायचं, आणि मुखपृष्ठावर त्यांना फुगलेल्या शिडाची नाव हवी होती.

मी तेव्हा गावच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. गुप्ते चौकशी करत शाळेत आले. मी त्यांना आमच्या बाबांकडे नेलं. बाबा म्हणजे लखमा नाखवा. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. पुनवेआधी पाण्याला नाव लागायची नाही, राजा आला तरी लागायची नाही.

गुप्ते हुशार माणूस. ते म्हणाले, पाण्यात कशाला? वाळूवरच उभी करा. मी वरचा भाग ठेवतो, खालचा कापून टाकतो, आणि तिथं दुसऱ्या फोटोतल्या लाटा जोडतो. बघणाऱ्याला वाटेल, नाव दर्यातच आहे.

बाबा विरघळले. ‘सोनबाय’ला त्या उन्हाळ्यात नवा रंग लावला होता, शीडही नवं होतं, आणि ते अजून कुणी पाहिलं नव्हतं. लखमाला पोरीपेक्षा नावेचं कौतुक जास्त, असं आय म्हणायची. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण नाव खरोखरच देखणी होती.

अडचण टेकूंची होती. वाळूवरची नाव दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू लावून उभी असते. गुप्त्यांच्या बाजूचे टेकू नावेच्या काठापर्यंत पोचत होते, म्हणून ते काढायला लागणार होते. टेकू काढून वर शीड चढवलं, तर वाऱ्यानं नाव आडवी होणार. तेव्हा ती माणसांनी धरायची. बाबांनी हाका मारल्या. माणसं जमली, पण पुढं होईनात. पुनवेआधी झापा काढायच्या, शीड चढवायचं, म्हणजे अर्धी रीत मोडलीच की.

“कोन दिसनार नाय,” बाबा म्हणाले. “तुमच्या टोप्यांच्या वर रेघ मारून कापनार हायत. मी सांगतो ना.”

मग मात्र सगळे आले. नावेच्या पोटाला खांदे लावून ओळीनं उभे राहिले. कसला गलका चाललाय म्हणून गावचे हरी पाटील रागावून बघायला आले, आणि थोड्या वेळानं तेच नाळेपाशी, म्हणजे नावेच्या टोकाला, पाठ लावून उभे होते. शिडात वारा भरला, नाव करकरली, आणि सगळे मोठमोठ्यानं हसायला लागले. दिसणार नाही म्हटल्यावर माणसाला किती मोकळं हसता येतं ते मी त्या दिवशी पाहिलं. गुप्त्यांनी फोटो घेतले, आयनं एकदाचा हात बदलला, आणि संध्याकाळपर्यंत ‘सोनबाय’ पुन्हा झापांखाली गेली.

दिवाळीत अंक आला. मुखपृष्ठावर आमची नाव, खाली हिरव्या लाटा, आणि आत एक ओळ: ‘श्रावणारंभीचा दर्या, वेळशेत बंदर’. आयनं तो अंक देवाच्या फळीवर ठेवला. थंडीत रविवारची थोडी माणसं मुंबईहून यायला लागली. त्यांना ‘ती’ नाव बघायची असायची. बाबा त्यांना नावेपाशी नेऊन उभे करायचे आणि वर चहा पाजायचे. आय म्हणायची, पाव्हण्यांच्या चहालाच आता दर्यात जायला पायजे.

पण दर्यात काही नव्हतं. त्या साली मासळीनं पाठ फिरवली होती. जाळी टाकावीत आणि ओला गाळ ओढावा. बोंबील वाळत घालायच्या काठ्या भर हंगामात मोकळ्या. एक महिना गेला, दुसरा गेला, आणि मग माणसं आपलं कुठं चुकलं ते शोधायला लागली. आपलं म्हणजे दुसऱ्याचं.

शेजारच्या मांडवखारचे चांगू तांडेल जमातीतले मोठे. ते अलिबागला दाढी करायला गेले आणि न्हाव्याच्या दुकानात त्यांना ‘मुलूखचित्र’ सापडलं. मुंबईच्या माणसांनी त्या फोटोत शीड पाहिलं होतं, आभाळ पाहिलं होतं. चांगू तांडेलांनी पाहिलं ते नाव पाण्यात किती बसली आहे ते. कोळी माणूस नावेकडे दुसरं बघतच नाही. रिकामी नाव उंच तरंगते, भरलेली खोल बसते. गुप्त्यांनी तर माणसांच्या टोप्या जातील इतक्या वरून नाव कापली होती. त्यामुळे फोटोतली ‘सोनबाय’ काठाच्या हातभर खालपर्यंत पाण्यात बसली होती, म्हणजे काठोकाठ भरलेली. आणि आत छापलेलं, श्रावणारंभ.

अर्थ सरळ होता. लखमा नाखवा पुनवेआधी दर्यात गेला, नाव भरून मासळी घेऊन आला, वर मुंबईच्या माणसाकडून फोटो काढून घेतला. नारळ न देता ज्याला लुटलं, तो दर्या रुसेल नाही तर काय करेल.

गुप्त्यांच्या हे स्वप्नातही आलं नसतं. बाबांच्याही आलं नाही, आणि याचं मला आजही नवल वाटतं, कारण त्यांनीही ती नाव कोळ्याच्याच डोळ्यांनी पाहिली होती. पण आपली नाव बघताना माणूस हिशेब विसरतो.

जमातीचं बोलावणं आलं. पुढच्या अवसेला मांडवखारच्या देवळात लखमानं आपली नाव पाण्यात नव्हती हे दाखवून द्यावं, नाहीतर ‘सोनबाय’ वर काढावी आणि पुढच्या पुनवेपर्यंत उतरवू नये. आमचं सगळं घर त्या एका नावेवर होतं. माझा पगार तेव्हा घरात तेल-मिठापुरता.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? अर्धं गाव साक्षीला आहे. मी एकेकाच्या दारात गेले. कुणी म्हणालं, बघू. कुणी म्हणालं, मी त्या दिवशी उशिरा आलो होतो. कुणाला ताप होता. हरी पाटलांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि चहा संपल्यावर मला दारापर्यंत पोचवलं. ते स्वतः पंचांत होते. नाव वाळूवर होती हे मला ठाऊक आहे असं म्हणायचं, तर कसं ठाऊक ते सांगावं लागणार. खांदा लावला होता म्हणून ठाऊक. मग पुनवेआधी झापा कुणी काढल्या, शीड कुणी चढवलं, हे आलंच.

मी चिडले. दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकली, रेवसहून लाँच धरली आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. ‘मुलूखचित्र’ची कचेरी गिरगावात एका छापखान्याच्या माडीवर होती. गुप्ते मला बघून खूश झाले. मुखपृष्ठ किती गाजलं ते सांगायला लागले. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागं टेकले.

“पण बाई, मी तर फक्त सुंदर दिसावी म्हणून कापली हो,” ते म्हणाले.

मग उठून त्यांनी खोक्यातून मूळ फोटो काढला, न कापलेला, पाटीएवढा. खाकी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाले, कुणालाही दाखवा, वाटलं तर मी स्वतः येतो. माणूस वाईट नव्हता.

परतीच्या लाँचवर मला धीर निघेना. मी कागद सोडला. वर आमची नाव, शीड, आभाळ, सगळं मुखपृष्ठावरचंच. खाली वाळू, आणि वाळूवर सगळं गाव. एकूण एक चेहरा ओळखू येत होता. आमचा खलाशी राम्या, जो आता आम्हाला सोडून दुसऱ्या नावेवर गेला होता. ताप आलेला. उशिरा आलेला. आणि टोकाला हरी पाटील, टोपी मागं सरकलेली, तोंड उघडं, दातांसकट हसताहेत. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. शेजारी बसलेल्या आमच्या वेळशेतच्या कोळणी वाकून बघायला लागल्या तेव्हा मी फोटो परत गुंडाळला.

बाबांनी तो फोटो उंबऱ्यापाशी उजेडात नेऊन बघितला. आधी तेही हसले. ह्यो बघ कसा उभा हाय, ह्येचा नुसता हात हाय, जोर नाय, असं एकेकाला ओळखत गेले. मग हसू थांबलं.

“आता बघू कोण काय बोलतंय,” मी म्हणाले.

“ह्यो नाय दाखवायचा,” बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. आय चुलीपासून उठून आली.

“कोन दिसनार नाय, असं मी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “गुप्त्यानं नाय, मी. माज्या शब्दाव आली ती.”

“आणि आता शब्द टाकायला त्यांच्यातलं एकही येत नाही,” मी म्हणाले. “त्यांचं तोंड कशाला राखायचं?”

“ह्यो फोटू जमातीत गेला त नुसती माजी सुटल. ह्या सगल्यांच्या नावा वरती काढतील. मग बंदरात रायलं काय? एक नाव वर काढली त पुढल्या पुनवेला उतरल.”

आय म्हणाली, “लोकांच्या नावा दर्यात आनि आपली उनात. बरं हाय.” आणि परत चुलीपाशी गेली. मला बाबांचा राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही कधी कधी येतो.

अवसेच्या सकाळी निघताना मात्र बाबांनी तो फोटो मागितला. मी पळत जाऊन आणला. त्यांनी तो आपल्या कापडी पिशवीत नीट उभा ठेवला, वर पंचा टाकला. मी आयकडे बघितलं, आयनं माझ्याकडे. रात्रीतून शहाणपण आलं म्हणायचं, असं मला वाटलं. मांडवखारपर्यंत मी त्यांच्यामागून जवळजवळ नाचतच गेले.

देवळाच्या ओट्यावर पंच बसले होते. मध्ये चांगू तांडेल, कडेला हरी पाटील. समोर बाबा मांडी घालून बसले, पिशवी मांडीवर. वेळशेतची माणसं एका बाजूला खाली मान घालून बसली होती. आम्ही बायका खांबांच्या बाहेर.

तांडेलांनी मासिक पुढं ठेवलं आणि विचारलं, नाव तुझीच ना?

बाबा म्हणाले, माझीच.

पाण्यात होती?

“नव्हती. वाळूव होती.”

“मंग ह्ये पानी?”

“ते त्यांनी मुंबईला जोडलं.”

ओट्यावर कुणीतरी हसलं. पाणी काय मुंबईला जोडतात? तांडेल हसले नाहीत. ते रीतसर माणूस होते. त्यांनी विचारलं, “लखमा, कोन साक्षीला हाय? नायतर काय दाखवायला हाय?”

बाबांनी पिशवीत हात घातला.

वेळशेतच्या माणसांनी माना वर केल्या होत्या आणि सगळे त्या पिशवीकडे बघत होते. बाबांचा हात आत थोडा वेळ चाचपडला. मग त्यांनी चंची बाहेर काढली. तंबाखू घेतली, चुना घेतला, सावकाश मळली, दाढेखाली धरली.

“साक्ष नाय,” ते म्हणाले. “दाखवायला पन काय नाय.”

निकाल लागला. ‘सोनबाय’ वर काढायची.

येताना बांधावरून चालताना मी त्यांना विचारलं, दाखवायचा नव्हता तर फोटो बरोबर कशाला घेतला? मी जवळजवळ रडत होते.

“घरी ठेवला असता त तू घेऊन आली असतीस,” बाबा म्हणाले.

हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी भरतीला नाव वर काढायची होती. खलाशी निघून गेलेले, घरात ओढायला कुणी नाही. बाबा एकटेच दोर घेऊन किनाऱ्यावर गेले. आय आणि मी मागून गेलो. आम्ही पोचलो तेव्हा माणसं आलेली होती. कुणी बोलावलं नव्हतं. एकेक जण येऊन नावेला खांदा लावत होता, आणि मी बघतच राहिले, कारण तो फोटो मला पाठ झाला होता. राम्या मधोमध. त्याच्या डावीकडे ताप आलेला. उशिरा आलेला मागं, सुकाणूपाशी. आणि नाळेला पाठ लावून हरी पाटील. जो जिथं उभा होता तो तिथंच येऊन उभा राहिला होता. फक्त हसत कुणी नव्हतं. नाव वर आली, टेकू लागले, आणि माणसं आली तशी निघून गेली.

त्या साली बाबा खलाशी म्हणून पाटलांच्या नावेवर गेले. नाखवा माणूस, दुसऱ्याच्या नावेवर दोर ओढायला गेला. पुढं मासळी थोडीफार परतली. आमच्या दारात रोज कुणाकडून तरी टोपलीत वाटा यायचा. आय टोपली आत घ्यायची, मासळी ओतून घ्यायची, रिकामी टोपली परत द्यायची, पण आणणाऱ्याशी बोलायची नाही. पाटलांच्या बायकोशी तर ती कितीतरी वर्षं बोलली नाही. पुढच्या पुनवेला ‘सोनबाय’ उतरली. फोटो ट्रंकेच्या तळाशी गेला, आणि बाबा असेपर्यंत त्याचं नाव घरात निघालं नाही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आयही गेली. ‘मुलूखचित्र’ तर कधीच बंद पडलं. मागच्या हिवाळ्यात रेवसच्या धक्क्यावर पर्यटनवाल्यांनी जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं. मधोमध, दरवाजाएवढी मोठी करून, आमची नाव लावली होती. खाली तीच ओळ. लोक तिच्यापुढं उभे राहून आपले फोटो काढून घेत होते.

त्या आठवड्यातच हरी पाटील माझ्या घरी आले. नव्वदीच्या पुढचे, नातवाच्या स्कूटरवर बसून आले होते. नातवानं त्यांना ते प्रदर्शन दाखवलं होतं. ते खुर्चीत बसले, दम घेतला आणि एकदम म्हणाले, “नर्मे, त्यो फोटू हाय काय तुज्याकडं?”

कुठला फोटो, असं मी विचारलं.

“खालचा,” ते म्हणाले. “लाँचवर तू उघडून बसली होतीस. आपल्याच गावच्या बायांनी बघितला. सांजेलाच आमच्या कानाव आलं. आमी सगली देवलात तुज्या बापाच्या पिशवीकडं बघत होतो.”

म्हणजे बाबांच्या पिशवीत काय आहे ते वेळशेतच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. चंची बाहेर येताना प्रत्येकानं पाहिली होती.

“त्यानं हात घातला आनि मना घाम फुटला,” पाटील म्हणाले. “मंग त्यानं तंबाखू काढली. तवा जास्ती फुटला.”

मी ट्रंक उघडली आणि फोटो आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. कडेपासून सुरुवात करून एकेका माणसावर बोट ठेवत गेले. ह्यो गेला, ह्यो गेला, ह्यो पन गेला. बोट टोकाला आलं आणि थांबलं. टोपी मागं सरकलेल्या, तोंडभर हसणाऱ्या त्या माणसाकडे ते फार वेळ बघत राहिले. नातू वाकून बघायला लागला आणि म्हणाला, आजोबा, हे तुम्ही?

“मीच,” पाटील म्हणाले. मग नावेच्या नाळेवर, जिथं त्यांची पाठ टेकली होती तिथं, त्यांनी बोट दाबलं.

“नाव मी धरली होती, नर्मे,” ते म्हणाले. “सगला भार माज्या पाठीव होता. बाकीच्यांनी नुसते हात लावले होते.”

“दिसतंय ना, काका,” मी म्हणाले.